निळ्याचा वाटा

सर्जेकोटला आमचं घर दीड खोलीचं.
दीड असं आई म्हणते.
अर्धी म्हणजे खाट आणि भिंत यांच्यामधली जागा,
जिथे आधी दादाचं जाळं असायचं
आणि आता मी.
जाळं गेलेलं नाही. डोक्यावर आहे, दोन खुंट्यांना.
त्याच्या गाठीत अडकलेली एक वाळकी कुर्ली
दोन वर्षं माझं काम बघतेय.

दिवसा मी होड्यांवर नावं लिहिते.
जलकन्या, सातेरी प्रसाद,
आणि एका हौशी माणसाची 'पर्वा नाही'.
अक्षराला चाळीस रुपये. काना-मात्रा फुकट,
जोडाक्षराला मात्र मी भांडते.
उरलेला रंग डब्याच्या तळाशी
मुरंब्यासारखा धरून बसतो, तो खरवडून घरी आणते.
ब्रश तेवढे विकतचे.
त्यांची पत्र्याची मान इथल्या हवेत
महिन्याभरात गंजते.

साडेदहाला ताटं धुऊन झाली
की ओटा माझा.
पहाटे चारला तो परत आईचा:
"गो, तुझी ती फळी सरकव, पेज ठेवूची आसा."
मी ओलं आभाळ दोन हातांत धरून
दारात उभी राहते.
कुठे टेकवू, या प्रश्नातच
कितीतरी चित्रं काढून झाली.

श्रावणात एक फळी सत्तावीस दिवस सुकली नाही.
तिच्यावरून एक मुंगळा चालत गेला.
त्याची वाट मी तशीच ठेवली,
मला तेवढी सरळ रेघ जमली नसती.

पणजीहून एकदा फोन आला:
चित्रं बरी आहेत, पण खोक्याला वास येतो.
येणारच. खाटेखाली ती
गोलम्याच्या डब्याला टेकून असतात.
मी सॉरी म्हटलं.
फोन ठेवल्यावर बराच वेळ आठवत राहिले,
कशाबद्दल.

तारकर्लीच्या एका हॉटेलवाल्याला
सूर्यास्त हवे होते, बारा, एकाच मापाचे, माडासकट.
खरं तेच सांगितलं:
त्या वेळी मी वाळत घातलेली सुकी मासळी गोळा करत असते,
पाठ समुद्राकडे असते.

विकली गेली ती उपडी होडी.
वाळूवर, पोट वर करून, डांबराच्या ठिगळांची,
आणि कडेने निळा.
कुडाळच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी घेतली,
साडेसहा हजारांना.
खुर्चीच्या बरोबर समोर लावणार म्हणाल्या.
म्हणजे माणसं तोंड उघडून बघतील.

गाडीत ठेवताना बाबल तोरसकर वाटेत थांबला.
डोकं तिरकं करून बघितलं,
नखाने कडेचा रंग टोकरला.
"माका चित्रातला काय कळणा नाय.
पण ह्यो निळो माझो."
मग हसला, पुरता नाही.
"वाटो खंय?"

आमच्याकडे वाट्याची थट्टा होत नाही.
एक होडीचा, एक जाळ्याचा, एक मशीनचा,
त्यानंतर माणसांचे.
रात्री ओट्यावर नोटा मांडल्या.
आईचा, ओट्याबद्दल.
दादाचा, जाळ्याखाली बसू दिल्याबद्दल.
फळीचा, ती फुकट मिळालेली असली तरी.
निळ्याचा.
मुंगळ्याचा काढायचा कसा, ते सुचलं नाही.
मोजून झाल्यावर माझ्याकडे उरलं
दोन ब्रश आणि एक मोबाईल रिचार्ज.
एवढी सुखाची बेरीज
शाळेत कधी आली नव्हती.

बाबलने पैसे घेतले नाहीत.
"येडी काय गो तू," म्हणाला आणि गेला.
संध्याकाळी दारात दोन बांगडे, केळीच्या पानात,
आणि बाजूला एक डबा.
हलवून बघितला. तळाशी काहीतरी जड होतं.

शेंदरी.
त्याच्या होडीला मी हा रंग कधी लावलेला नाही.
नवी होडी बांधतोय, की आणखी काही,
विचारलं नाही.
बोट बुडवून खाटेच्या पायावर एक रेघ ओढली.
आई म्हणाली, बांगडे आधी साफ कर.